विषय : दारे धरल्याबाबत

बारामती,
२ जानेवारी १९९७
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)

श्री. सिद्धनाथ बाबाजी वाघमोडे,
मु. नरसिंहपूर, ता. इंदापूर यांस,

हे पत्र औपचारिक आहे, म्हणून तुझे नाव पूर्ण लिहिले आहे. सख्ख्या धाकट्या भावाला ‘आपण’ म्हणणे मात्र हास्यास्पद ठरेल, ते टाळते. प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडते. क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे मी एकोणतीस वर्षे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे.

पहिली गोष्ट. माझ्या मालकीची मोटार जर्मन बनावटीची, १९६४ सालची असून ती रस्त्यावर आणि पाण्यावर अशी दोन्हीकडे चालते. पुण्याच्या एका पारशी गृहस्थांकडून १९९१ मध्ये मी तिचा सांगाडा घेतला. इंजिनला जुन्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीचे भाग बसतात हे शोधून काढले, आणि आमच्या प्रयोगशाळेतील परिचर बिरदेव याच्या मदतीने साडेचार वर्षांत ती चालती केली. पाण्यात तिला मागचे दोन पंखे ढकलतात आणि पुढची चाके सुकाणूचे काम करतात.

दुसरी गोष्ट. या मोटारीच्या प्रत्येक दाराला आतून दोन मुठी आहेत. पहिली सर्व मोटारींना असते तशी. दुसरी खाली दाबली की दार रबरी कडेवर आवळून बसते व पाणी आत शिरत नाही. जो ज्या दाराशी बसेल त्याने त्या दाराची दुसरी मूठ दाबायची. ‘लॉक करणे’ हा शब्द मला खपत नाही, म्हणून माझ्या चौदा कलमी तपासणी-यादीत या क्रियेला मी ‘दारे धरणे’ असा शुद्ध मराठी शब्द योजला. कलम नववे.

तिसरी गोष्ट. रविवार, ८ डिसेंबर १९९६ रोजी सकाळी आठ वाजता मी नीरा-भीमेच्या संगमाच्या उतारावर, तुझ्या होडीच्या धक्क्याशी मोटार घेऊन आले. निमंत्रण तुझे होते. बिरदेव त्या दिवशी आजारी होता, म्हणून शेजारी तू बसलास. जर्मन मोटारीत चालक डावीकडे बसतो. त्यामुळे काठावरच्या मंडळींना तूच मोटार चालवतो आहेस असे वाटले, आणि तू तो गैरसमज दूर केला नाहीस.

चौथी. मी यादी मोठ्याने वाचली. नवव्या कलमाशी विचारले, “दारे धरलीस का?” तू उत्तर दिलेस, “होय.”

पाचवी. आठ वाजून अकरा मिनिटांनी मोटार पाण्यात उतरली. अठराव्या मिनिटाला तुझ्या दारातून पाणी येताना दिसले. आतले पाणी उपसणारा पंप कमी पडला. चोविसाव्या मिनिटाला मोटार बुडाली. नंतर बाहेर काढल्यावर माझ्या दाराची दुसरी मूठ दाबलेली आढळली, तुझ्या दाराची नाही.

सहावी. तू मला बाहेर काढलेस. माझ्या उजव्या पायाचे हाड घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडले. डॉक्टरांच्या मते ते बुडण्याने नव्हे, ओढण्याने मोडले. हे नोंद म्हणून लिहिते, तक्रार म्हणून नाही.

सातवी. इस्पितळातून मी स्वहस्ते लेखी जबाब दिला. नावाड्याने पाण्याच्या कामात खोटी ग्वाही दिली, या कारणावरून तुझ्या होडीचा परवाना तूर्त स्थगित आहे. अंतिम सुनावणी इंदापूर येथे सोमवार, ३ फेब्रुवारीस आहे. परवाना एकदा रद्द झाला तर पुन्हा मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या सासऱ्यांपासून चालत आलेली होडी आहे, हेही ठाऊक आहे.

आता माझी मागणी. दार धरलेले नसताना तू ‘होय’ का म्हणालास? निष्काळजीपणाने, घाईने, की यादी ऐकण्याचा कंटाळा आला म्हणून? जे असेल ते लिही. चूक कबूल केलीस तर सुनावणीत मी सौम्यतेची शिफारस करीन. बिरदेवच्या हाती धाडलेल्या दोन तोंडी निरोपांना तू उत्तर दिले नाहीस. म्हणून हे पत्र.

डॉ. म्हाळसा बाबाजी वाघमोडे


बारामती,
११ जानेवारी १९९७

सिद्धनाथ यास,

पोचपावती मिळाली. सहीच्या जागी अंगठा आहे.

सातवी उत्तीर्ण झालेल्या माणसाने अंगठा उठवावा, याचा अर्थ मला समजतो. मला डिवचण्यासाठी तू याहून नेमके काही करू शकला नसतास, इतके मी मान्य करते.

माझी अवस्था कळवते. तू विचारलेली नाही, तरीही. प्लास्टर मांडीपर्यंत आहे. वरच्या मजल्यावरून खाली चौदा पायऱ्या आहेत आणि मी त्यांतली एकही उतरू शकत नाही. सकाळी प्रयागबाई येते, स्वयंपाक करते, मला धुऊनपुसून बसवते आणि बारा वाजता जाताना खालच्या दाराला बाहेरून कडी घालून कुलूप लावते. मी आक्षेप घेतला. ती म्हणाली, “बाई, आतनं तुमाला लावता येत न्हाय, अन् उघडं ठिवलं तर कुत्री शिरत्यात. मग काय करू? तुमीच सांगा, शिकल्यासवरल्या हायसा.” दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत माझ्याच घरात मी कोंडलेली असते. खिडकीतून अंगणातल्या मोटारीवरची ताडपत्री दिसते. तिचाही निळा कोपरा तेवढा. आयुष्यभर मी इतरांच्या अव्यवस्थेवर चिडत आले. आता पाण्याचा तांब्या हातभर दूर राहिला तर तो तिथेच राहतो.

एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. तू १० डिसेंबरला मोटार ट्रॅक्टरला जोडून, इंदापूरमार्गे इथवर आणून अंगणात ठेवून गेलास, तेव्हा मी इस्पितळात होते. परवा बिरदेवने ताडपत्री काढून तपासणी केली. मी वरून खिडकीतून प्रश्न विचारत होते, तो खालून उत्तरे देत होता.

“ग्रीस सुकले असेल. तेरा जागा आहेत. पाण्यातून काढल्यावर चोवीस तासांच्या आत—”

“म्याडम, ग्रीस हाय.”

“कुठे?”

“समद्या ठिकानी. तेरा की तेरा. मागच्या शीटाखालचं बी हाय, जे मलाच घावत न्हाय.” बोटे ताडपत्रीला पुसत तो म्हणाला, “सिद्धूअण्णांनी केलंय. दुसरं कोन करंल?”

“त्याला कोणी सांगितले?”

“तुमीच की. दिवाळीला ते फराळाचं घिऊन आले व्हते, तवा तुमी अर्धा तास निस्तं ग्रीसवरच बोलला. मी च्या घिऊन आलो तर ते बोटं मोडत व्हते. मला वाटलं कटाळले. ते मोजत व्हते म्हनायचं.”

प्रयागबाई भांडी घासताना मध्येच म्हणाली, “मेलं, बुडलेल्या गाडीला वंगान घालनारा मानूस खोटं बोलतोय व्हय!” मी तिला भांड्यांकडे लक्ष द्यायला सांगितले.

यावरून तर्कशास्त्राच्या दृष्टीने काहीही सिद्ध होत नाही. ग्रीस नंतर लावले; दार आधी धरायचे होते. तरी नोंद केली.

लोकांचे अज्ञान मला नवे नाही. मोटार प्रथम आणली तेव्हा गल्लीत बातमी पसरली की बाईंनी ‘पाण्याची मोटार’ घेतली, आणि आठवड्यात वीज खात्याचा एक वायरमन विहीर शोधत आला. “किती हार्सपावरची हाय?” मी म्हटले, अडतीस. त्याने वहीच मिटली. “अडतीस! बाई, अख्ख्या वस्तीला पाच पाचच्या हायत. तुमी काय नदी उचलताय?” हा प्रसंग मी तुला सांगितला होता आणि तू धक्क्यावर सर्वांना सांगून हसवलेस. एक शब्द दोघांच्या कानी दोन अर्थांनी पडला तर काय होते, याचे उदाहरण म्हणून मी तो पुढे वर्गातही सांगितला.

सुनावणीला तेवीस दिवस उरले आहेत. अंगठा हे उत्तर नव्हे.

डॉ. म्हाळसा वाघमोडे


बारामती,
२० जानेवारी १९९७

सिद्धू,

काल सारजा येऊन गेली. तुला न सांगता आली असे तिने सांगितले, तेव्हा हे पत्र पोचेपर्यंत तुला कळलेले नसेल तर आता कळेल. तिला रागावू नकोस. तुझी बायको माझ्याहून नीट साक्ष देते.

मी तिला खुर्ची दाखवली. ती उंबऱ्याशीच टेकली. “हितंच बरं हाय, वन्सं. खुर्चीवर बसलं की मला बोलायचं सुचत न्हाय.”

मी विचारले, “सिद्धू का आला नाही?”

“कशाला येतील? तुमी लबाड ठरीवलंय त्यास्नी. लबाड न्हाईत, एवढं सांगाया मी आले. सांगते अन् जाते, मला साडेअकराची गाडी हाय.”

“मग दार धरले नसताना तो ‘होय’ का म्हणाला?”

“धरली व्हती म्हनून!”

“सारजा, मोटार मी स्वतः—”

“गाडीची कोन म्हनतंय? उसाची! त्या आटवड्यात लाइट पहाटं चारला याची. चारपासनं उसाला दारं धरत व्हते. साडेसातला फावडं बांधावर टाकलं, नवा शर्ट तेवढा अडकवला अन् तसंच पळत आले धक्क्यावर. म्या म्हनलं, पाय तर धुवा. म्हनले, आक्का आठला म्हनली म्हंजी आठ. एक मिनिट उशीर झाला तर ती माघारी जाईल. तिचं काय सांगता येत न्हाय.”

मग ती आवाज उतरवून म्हणाली, “तुमी इचारलं, दारं धरली का. त्यास्नी वाटलं, आक्का लई वर्सानं रानाचं इचारती. बरं वाटलं हो त्यास्नी. बाकी काय न्हाय.”

सिद्धू, हे वाक्य ऐकल्यावर मी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

तुला शिकवण्याची गरज नाही, तरी क्रमाने लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. पाटाचे पाणी सरीत सोडायचे, सरी भरली की मातीचे दार फावड्याने बुजवायचे, पुढच्या सरीचे मोडायचे: याला आपल्याकडे दारं धरणं म्हणतात. शेळगावच्या पाटावर मी स्वतः नऊ वर्षांची असल्यापासून दारं धरली. माझ्या यादीतला तो शब्द मी योजला असे मला वाटत होते. मी योजला नव्हता. तो माझ्या पायांना लागलेल्या चिखलातून आला होता, आणि मी त्याला शुद्ध मराठी म्हणून मिरवत होते.

तेव्हा तू खोटे बोलला नाहीस. मी विचारलेल्या शब्दांचे तू खरे उत्तर दिलेस. हा माझ्या पहिल्या पत्रातील चौथ्या कलमाचा निकाल.

सारजाने जाताना एक प्लास्टिकची पिशवी माझ्या पांघरुणावर ठेवली. “ह्ये परवान्याच्या कागदांत ठिवलेलं असतंय. मला वाचता येत न्हाय. पर ह्याच्यापायी त्यांनी कागुद हातात घ्याचं सोडलं, एवढं मला म्हाईत हाय. तुमचंच हाय म्हनं. बगा.”

आत तुझे १९६३ सालचे पत्र होते. मी पुण्यात वसतिगृहात होते, तू पंधरा वर्षांचा होतास. तू मला लिहिलेले एकुलते एक पत्र. ते मी लाल शाईने तपासून तुला परत पाठवले होते. अकरा चुका. खाली शेरा : ‘अक्षर सुधारावे. ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे.’

एका ओळीत तू लिहिले होतेस, “आक्का दारं धरायला कुनी न्हाय तू कदी येनार.” मी वर लाल अक्षरात लिहिले आहे, “आक्का, दारे धरावयास कोणी नाही. तू कधी येणार?” पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, सारे जागच्या जागी.

प्रश्नचिन्ह मी घातले, सिद्धू. उत्तर दिले नाही.

काल सारजा गेल्यावर प्रयागबाईने कुलूप लावल्याचा आवाज आला. एरवी मी घड्याळ पाहते. काल पाहिले नाही.

जबाब दुरुस्त करून पाठवते. तू निश्चिंत राहा.

म्हाळसा


बारामती,
२७ जानेवारी १९९७
(बिरदेवच्या हस्ते)

चि. सिद्धूस,

निश्चिंत राहा असे लिहिले ते चूक होते. सुधारित जबाब मी २१ तारखेला पाठवला. चौकशी अधिकाऱ्यांचे उत्तर आज आले. त्यांचे म्हणणे असे की, साक्षीदार बहीण असून तिने दीड महिन्याने जबाब फिरवला आहे. भावाच्या बचावासाठी रचलेली ही शब्दांची कसरत असू शकते. संबंधिताने स्वहस्ते निवेदन दिले आणि ते मूळ नोंदीशी जुळले तरच विचार होईल. अन्यथा ३ तारखेस परवाना रद्द.

मला राग आला. मग लक्षात आले की त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिले असते, कदाचित अधिक कठोरपणे.

‘मूळ नोंद’ या शब्दांवर मी थांबले. कारण मूळ नोंद आहे. ती कुठे आहे हे फक्त मला माहीत होते, आणि मागच्या तीन पत्रांत मी ते लपवले.

१२ डिसेंबरला जबाब घेण्यासाठी एक कारकून इस्पितळात आला होता, भिमा नावाचा, तुझ्याच गावाकडचा. मी गुंगीत होते. जसे आठवले तसे बोलत गेले, तो लिहीत गेला. वाचून दाखव म्हटले तर अडखळू लागला, म्हणून कागद हातात घेतला. सात अशुद्धे होती. मी लाल पेन मागवले, मसुदा तपासला, आणि ‘असला कागद माझ्या सहीने जाणार नाही’ असे सांगून स्वतः नव्याने लिहिला. तो बिचारा ओशाळून मसुदा टाकूनच गेला. मी तो माझ्या फायलीत लावला. मी कोणताही कागद फेकत नाही.

त्यात तुझे उत्तर असे आहे : “व्हय, पहाटंच धरली की. लई पानी हुतं आज.”

हे मी सांगितले होते. माझ्या तोंडून, जसेच्या तसे. म्हणजे मी ऐकले होते. ‘पहाटंच’ ऐकले होते, ‘लई पानी’ ऐकले होते. आणि त्यावर लाल रेघ मारून मी वर लिहिले : “होय.”

का? ग्रामीण बोली जबाबात शोभत नाही म्हणून. आणि बाकीचे शब्द विषयाला सोडून वाटले म्हणून. मी खोटे लिहिले नाही. फक्त शुद्ध केले. शुद्ध करताना तू त्यातून निघून गेलास आणि खाली एक लबाड नावाडी उरला.

याहून वाईट पुढे आहे, तेही लिहिते. तू मोटारीत बसलास तेव्हा तुझे पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले होते. ओला, काळा, सरीतला चिखल. मी नव्या रबरी चटईवर पाय ठेवू नकोस म्हणून तुला बोलले. तू पाय उचलून धरलेस आणि हसलास. अंगात नवा शर्ट आणि पायांना चिखल. जगातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोरीला त्यावरून कळले असते की हा माणूस कुठून आला आहे आणि ‘पहाटंच धरली’ म्हणजे काय. मी नजर वळवून तुझ्या दाराची मूठ पाहिली असती तरी पुरे होते. ती माझ्यापासून दोन हातांवर होती. पण यादीचा नियम असा की एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. नियम मीच केलेला. मी नवव्या कलमावर खूण केली आणि दहावे वाचले.

पाण्याखालचेही राहिले. माझ्या जबाबात ‘सिद्धनाथ यांनी मला बाहेर काढले’ एवढेच आहे. माझ्या साडीच्या निऱ्या रस्त्याच्या आणि पाण्याच्या अशा दोन गिअरांच्या दांड्यांमध्ये अडकल्या होत्या आणि पाऊल पेडलखाली. पाणी हनुवटीला लागले होते. तू सुटला होतास. दारातून पोहत जाऊ शकत होतास. परत आत आलास. कमरेचा चाकू काढून साडी कापलीस. मी त्या वेळी काय म्हणत होते ते तुला आठवत असेल. मी म्हणत होते, “कलम नऊ, सिद्धू, कलम नऊ.” आणि तू म्हणालास, “आक्का, यादी सोड. हात धर.”

मी यादी सोडली नाही. म्हणून तुला मला पायाला धरून ओढावे लागले. हाड ओढण्याने मोडले, हे डॉक्टरांनी बरोबर सांगितले. का ओढावे लागले ते मी सांगितले नाही.

आणखी एक जुने. मी बाराची, तू सात वर्षांचा. शेळगावचे रान, पाटाची पाळी आपली. मी वरच्या अंगाला पुस्तक घेऊन, तू खालच्या अंगाला. “आक्का, भरलं, मोड!” अशी हाक तू मारलीस. दोनदा. मला पान संपवायचे होते. बांध फुटला, पाणी परक्या रानात गेले. तात्यांनी बापाच्या अधिकाराने विचारले. मी सांगितले, सिद्धूने हाक मारली नाही. तात्यांनी मेंढरांची काठी तुझ्या पाठीवर मोडली. तू एकदाही म्हणाला नाहीस की हाक मारली होती. मला वाटायचे, तू ते विसरलास. आता वाटते, शिकलेल्या माणसापुढे आपले खरे धरले जात नाही, हे तू त्या दिवशीच शिकलास, आणि अंगठ्याची पोचपावती त्याच शाळेतली आहे.

सोबत तीन कागद आहेत. एक, भिमाचा मूळ मसुदा, माझ्या लाल दुरुस्त्यांसह. त्यावर मी आज निळ्या शाईने लिहिले आहे : ‘दुरुस्त्या रद्द. मूळ मजकूर खरा.’ आणि सही. दुसरा, माझे निवेदन. त्यात चिखल, चटई, यादी, निऱ्या, सर्व आहे. प्राध्यापक म्हणून वाचताना लाज वाटावी असे आहे, पण तसेच ठेवले. तिसरा कागद कोरा आहे. तो तुझा.

त्यावर तू लिहायचेस. त्या सकाळी मी काय विचारले, तुला काय वाटले, तू काय म्हणालास. तुझ्या तोंडी जसे येते तसे. ‘व्हय’ला ‘होय’ करू नकोस. केलेस तर मसुद्याशी जुळणार नाही आणि परवाना जाईल. हे विनंती म्हणून नाही, पुराव्याच्या गरजेने लिहिते. तुझी बोली हाच तुझा पुरावा आहे. मी ती एकदा पुसली आहे, आता तू पुसू नकोस.

परवाना राहिला तर मोटारही पुन्हा पाण्यात उतरेल. गेला तर ती ताडपत्रीखालीच राहील. संगमावर तुझी होडी नसताना मी त्या पाण्यात उतरणार नाही. नववे कलम मी यादीतून काढून टाकले आहे. त्या जागी लिहिले आहे : ‘शेजारच्याची मूठ स्वतः पाहावी.’

सोमवारी सकाळी बिरदेव आणि त्याचा भाऊ मला खुर्चीत बसवून चौदा पायऱ्या उतरवणार आहेत. प्रयागबाई म्हणते, “पाडलं बाईंना तर मी कुलूप तुमच्या तोंडाला लावीन.” डॉक्टरांची परवानगी नाही. दहा वाजता मी इंदापुरात असेन. तू ३४ वर्षांपूर्वी विचारले होतेस, तू कदी येनार. तीन तारखेला, सिद्धू. आठवड्याने. चौतीस वर्षे उशिराने.

तू धक्क्यावर एक मिनिट उशीर केला नाहीस. मीही करणार नाही.

बिरदेवला सांगितले आहे की कागद भरून मिळेपर्यंत तुझ्या उंबऱ्यातून उठायचे नाही. त्याला भाकरी घाल. अंगठा चालणार नाही. चुका कितीही असोत, मी मोजणार नाही. माझ्या घरातली लाल शाई प्रयागबाईने मोरीत ओतली आहे आणि मोरी अजून लाल आहे.

त्या निवेदनाखेरीज एका वेगळ्या चिठ्ठीवर मला आणखी एक उत्तर हवे आहे. प्रश्न तोच आहे, या वेळी रानाचाच विचारते :

ह्या आठवड्यात उसाला दारं धरली का? लेखी कळव.

तुझी आक्का